धुरकट ट्रे

पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षी सरांनी हातात पक्कड दिली आणि स्टीलच्या तारेचा एक तुकडा. समोर होता मेणात रोवलेल्या धातूच्या दातांचा जबडा. दातांवर ब्रॅकेट बसवायचे, वळवलेली तार त्यांच्या खाचांत अडकवायची आणि तो जबडा गरम पाण्यात धरायचा. मेण मऊ व्हायचं आणि दात डोळ्यांदेखत सरकायचे. सुळा मागे न्यायचा असायचा आणि तो तिरका होऊन भलतीकडेच जायचा. मग पुन्हा नवी तार, पुन्हा गरम पाणी. तारेचा बाक चिमूटभर कमी पडला की जास्त, हे बोटांना कळायला मला वर्ष लागलं. ते शिक्षण अजून माझ्या बोटांत आहे.

आता माझ्या साताऱ्याच्या क्लिनिकमध्ये मोठ्या वयाचे रुग्ण खुर्चीत बसता बसताच विचारतात, ‘डॉक्टर, तार नको. ते पारदर्शक प्लास्टिकचं होईल का?’ पुष्कळदा होतं. पण त्याआधी मला त्यांना हाडाबद्दल सांगायचं असतं.

भिंतीत खिळा बसावा तसा दात हाडात बसलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक थर असतो, जेमतेम 0.2 मिलिमीटर जाडीचा. दात ढकलला की दाबाच्या बाजूचं हाड पेशी विरघळवतात आणि ताणाच्या बाजूला नवं हाड भरत आणतात. घाईने जोर वाढवला तर दाबाच्या जागी रक्त पोहोचेनासं होतं आणि दात सरकायचा तो अडून बसतो. रिकाम्या जागेत दात सरकवायचा तर महिन्याला साधारण एक मिलिमीटर, एवढीच चाल हाड देतं. त्याला ढकलणारं पोलाद आहे की प्लास्टिक, हे त्या पेशींना कळत नाही.

दात टप्प्याटप्प्याने बसवत न्यायची कल्पना तशी जुनी. अमेरिकेत हॅरॉल्ड केसलिंग यांनी 1945 मध्येच ती मांडली होती. प्लास्टरचे दात करवतीने सुटे करायचे, मेणात हव्या जागी बसवायचे आणि त्यावरून रबरी साचा घडवायचा. आम्हीही कॉलेजात असे दात कापले आहेत. एका जबड्याला अख्खी दुपार जायची. एका रुग्णासाठी असे पंचवीस-तीस टप्पे कोण हाताने करणार? ती कल्पना संगणकाची वाट पाहत राहिली. 1997 मध्ये कॅलिफोर्नियात झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनी अलाइन टेक्नॉलॉजी सुरू केली, तेव्हा ते हातकाम पडद्यावर आलं आणि प्रत्येक टप्प्यासाठी दातांवर घालायचा पारदर्शक प्लास्टिकचा एक ट्रे आला.

पडद्यावर दात अर्ध्या मिनिटात रांगेत येतात. रुग्ण हरखतो, मी मात्र सावध होतो. त्या चित्रात हाडाचा अडसर नसतो. एका ट्रेला एका दाताने सुमारे पाव मिलिमीटर सरकावं असा हिशेब असतो, पण उपदाढ गोल असते, ती फिरवू गेलं की प्लास्टिक तिच्यावरून निसटतं. वर चढलेला सुळा खाली ओढतानाही तेच. पकड यावी म्हणून दातांवर दातांच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवतो, कंपनीकडून आलेला आराखडा तीन-चारदा परत पाठवतो. ब्रॅकेटच्या चौकोनी खाचेत बसलेली चौकोनी तार मुळालाही वळवते. प्लास्टिकला तिथे फार कष्ट पडतात. सुळा फार वर असेल किंवा चार दात काढून मोठी जागा भरायची असेल तर मी अजून तारच सुचवतो, आणि त्याबद्दल माझ्या मनात किंतू नाही.

ट्रेचे गुण मला मान्य आहेत, मनापासून. तार टोचून गालाला जखमा होत नाहीत. ऊस, चिक्की, भाजलेलं कणीस बंद करावं लागत नाही. काढून नीट ब्रश करता येतो. ज्यांच्या हिरड्या नाजूक आहेत त्यांना हे फार मोलाचं. पण तो काढता येतो, इथेच सगळं अडतं. तार रात्रंदिवस तोंडात असते, तिचं काम रुग्णाच्या आठवणीवर अवलंबून नसतं. ट्रे दिवसाला 20 ते 22 तास घातला तरच चालतो.

माझ्याकडे एक शाळेतल्या बाई यायच्या. पुढचे दात एकमेकांवर चढलेले, वर्गात हसताना हात तोंडावर जायचा. तार लावून मुलांसमोर उभं राहायला त्यांचं मन तयार नव्हतं. मी ट्रे दिले. पहिले चार दिवस ‘स’ आणि ‘श’ घसरले, मग जीभ सरावली. अकराव्या ट्रेला मात्र वरच्या एका दाताच्या टोकाशी पोकळी दिसू लागली. दात मागे राहिला होता, ट्रे पुढे गेला होता. विचारलं तर म्हणाल्या, ‘घालते की डॉक्टर.’ खोटं बोलत नव्हत्या. फक्त दिवसातून सहा वेळा चहा, प्रत्येक वेळी ट्रे रुमालात, आणि मग गप्पांत तास निघून जायचा. मी बोललो नाही. जुना ट्रे मागून घेतला आणि खिडकीशी धरला. नियमाने घातलेला ट्रे दोन आठवड्यांत धुरकट होतो, दाढांच्या जागी बारीक ओरखडे येतात. हा काचेसारखा लख्ख होता. बाईंनी तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

पुन्हा स्कॅन केलं, नवे ट्रे मागवले, चार महिने वाढले. त्यांनी चहा दोनावर आणला.

पुढच्या वेळी त्या खुर्चीत बसल्याच नाहीत. पर्समधून डबी काढली, ट्रे बाहेर घेतला आणि सरळ खिडकीशी जाऊन उजेडात धरला. ‘बघा,’ म्हणाल्या.

धुरकट होता.