पैसे नेमके कशाचे?

जॅक्सन हाइट्स, न्यूयॉर्क
१३ ऑक्टोबर २०२४

चि. अनिकेत आणि सौ. सृजना,

डीव्हीचा, म्हणजे अमेरिकेच्या डायव्हर्सिटी व्हिसाच्या सोडतीचा, अर्ज भरून देणाऱ्या तिघांची तुम्ही पाठवलेली दरपत्रकं शांतपणे वाचली. त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते, पण त्याआधी एक काम आजच करा. सृजना, पोखऱ्याला तुझ्या थोरल्या भावाला, दाइंना, फोन लाव. दशैंच्या सुट्टीआधी सायबर कॅफेवाल्याकडे त्यांनी तुझी नुसती माहिती देऊन ठेवली आहे की त्याने अर्ज भरूनही टाकला आहे, हे नीट विचार. भरला असेल तर तू पुन्हा भरू नकोस. डीव्हीच्या सोडतीत एका माणसाच्या नावावर एका वर्षी एकच अर्ज चालतो. दुसरा सापडला की दोन्ही बाद होतात, मग तो दुसरा कुणी प्रेमापोटी भरलेला असो की कुठल्या कंपनीने. वाचनालयात अर्जाची मदत मागायला माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या नेपाळी मुलांना मी हे सर्वांत आधी विचारते. एकीकडे मामाने गावातून भरलेला, दुसरीकडे स्वतः पैसे देऊन भरून घेतलेला, असं पुष्कळांच्या बाबतीत निघतं.

आता दरपत्रकं. पुण्याच्या कन्सल्टंटपासून सुरुवात करते, कारण त्याचं वाचून मला खरोखर राग आला. ‘भारतीयांसाठी यंदा खास संधी’ असं त्याने वरतीच छापलं आहे. हे साफ खोटं आहे. मागच्या पाच वर्षांत ज्या देशांतून पन्नास हजारांहून जास्त माणसं नात्याच्या किंवा नोकरीच्या वाटेने अमेरिकेत स्थायिक व्हायला आली, त्या देशांना ही सोडत बंद असते. भारत, चीन, पाकिस्तान, मेक्सिको, फिलिपिन्स सगळे त्यात आले. बांगलादेश पूर्वी खुला होता, तोही डीव्ही-२०१३ पासून बंद झाला. इथे नागरिकत्व पाहत नाहीत, जन्म कुठे झाला ते पाहतात. म्हणजे अनिकेत, पुण्यात जन्मलेल्या तुला स्वतःच्या जोरावर हा दरवाजा उघडा नाही, आणि ज्या भारतीय तरुणांकडून तो माणूस पैसे घेतो आहे त्यांच्यापैकी जवळजवळ सगळ्यांना नाही.

तुला वाट आहे ती सृजनामुळे. नवरा किंवा बायकोचा जन्म पात्र देशात झाला असेल तर त्या देशाच्या नावावर अर्ज करता येतो. अट इतकीच की अर्जात दोघांची नावं हवीत, व्हिसा दोघांना मिळायला हवा आणि अमेरिकेत पाऊलही दोघांनी एकत्र ठेवायला हवं. तेव्हा सृजनाने तिचा अर्ज करायचा, त्यात तुझं नाव पती म्हणून. आणि तू तुझा वेगळा करायचा, त्यात देश नेपाळ आणि सृजना पत्नी. हे दोन माणसांनी भरलेले दोन वेगळे अर्ज झाले, आणि ते पूर्ण नियमात बसतं. कन्सल्टंटने ‘डबल चान्स पॅकेज’ म्हणून ज्याचे चाळीस हजार मागितलेत ते हेच. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या सूचनांमध्ये ते उघड लिहिलेलं आहे आणि कुणालाही फुकट वाचता येतं.

फुकट हा शब्द तुम्हाला पटत नाहीये, हे तुमच्या पत्रावरून कळलं. इतकी मोठी गोष्ट विनामूल्य कशी असेल, काहीतरी गोम असणार, म्हणून जाणकाराला चार पैसे दिलेले बरे, असं अनिकेतने लिहिलंय. यंदाच्या अर्जाला खरंच एक पैसाही पडत नाही. पडतो तो पुढे, निवड झाली तर, वकिलातीच्या मुलाखतीच्या वेळी: माणशी ३३० डॉलर, आणि वैद्यकीय तपासणीचा खर्च वेगळा. मधे कुणी ईमेल करून ‘तुम्ही जिंकलात, इतके पाठवा’ म्हटलं तर तो चोर समजा. परराष्ट्र खातं कुणालाही जिंकल्याचा ईमेल पाठवत नाही. येत्या ३ मेपासून तुम्हीच त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन पाहायचं.

जाणकाराने फरक पडतो, ही समजूत मात्र हवेतून आलेली नाही. एके काळी पडत होता. १९९० च्या कायद्याने ही सोडत जन्माला घातली. ती पक्की सुरू होण्याआधी तीन वर्षं एक तात्पुरती योजना होती, आणि तिच्यातले ४० टक्के व्हिसा आयरिश लोकांसाठी राखलेले होते. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये तिचे अर्ज व्हर्जिनियातल्या मेरिफिल्डच्या पोस्टात घेतले. जो आधी पोचेल त्याचा आधी विचार, आणि एका माणसाने कितीही अर्ज टाकावेत, अशी पद्धत. लोकांनी गठ्ठेच्या गठ्ठे पाठवले. तिथे टपालाचं गणित जमणारा माणूस खरोखर उपयोगाचा होता. पुढे सोडत पक्की झाली, एका माणसाला एक अर्ज ठरला, निवड यंत्राकडे गेली, आणि २००३ च्या शेवटी टपाल जाऊन सगळं ऑनलाइन आलं. एजंटाच्या हातात विकण्यासारखं जे होतं ते तेव्हाच संपलं. जाहिरात तेवढी राहिली. पहिल्या पक्क्या सोडतीच्या तोंडावर, एप्रिल १९९४ मध्ये, अॅरिझोनातल्या लॉरेन्स कँटर आणि मार्था सिगल या वकील जोडप्याने ‘ग्रीन कार्ड लॉटरी’ची जाहिरात इंटरनेटवरच्या हजारो चर्चागटांत एकाच वेळी टाकली. इंटरनेटवरच्या घाऊक जाहिरातबाजीचा इतिहास सांगताना आजही तिचं नाव घेतात. त्या वर्षी अर्ज म्हणजे साध्या कागदावर नाव, जन्मतारीख, पत्ता लिहून पाठवायचं पाकीट होतं, आणि तेही विनाशुल्क. पैसे कशाचे घेत होते, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

तुमचं दुसरं दरपत्रक त्याच घराण्यातलं. गरुड, झेंडा, सरकारी वाटावा असा निळा रंग. नावाच्या शेवटी ‘डॉट गव्ह’ मात्र नाही; सरकारी संकेतस्थळ ओळखायची खूण तेवढीच. त्यात ‘लवकर अर्ज करा, संधी वाढवा’ म्हणून वेगळा दर आहे. हे वाचून मला २०११ साल आठवलं. त्या मे महिन्यात निकाल लागला आणि सुमारे २२ हजार लोकांना आपली निवड झाल्याचं दिसलं. मग लक्षात आलं की संगणकातल्या चुकीमुळे निवडलेल्यांपैकी ९० टक्के जण मुदतीच्या पहिल्या दोन दिवसांत अर्ज केलेले होते. परराष्ट्र खात्याने पूर्ण निकाल रद्द करून जुलैत सोडत पुन्हा काढली. त्या लोकांचं दुःख फार मोठं होतं, नोकऱ्या सोडायची तयारी केलेले लोक होते ते. पण त्यातून एक गोष्ट कायमची स्पष्ट झाली: लवकर येणाऱ्याला झुकतं माप मिळालं तर ती सोडतच कायद्याने टिकत नाही. मग ही कंपनी कसला जादा दर लावते?

संधी किती आहे तेही माहीत असू द्या. डीव्ही-२०२५ ला जवळजवळ दोन कोटी वैध अर्ज आले. निवड झाली ती बायकामुलं धरून १ लाख ३१ हजारांची, आणि प्रत्यक्ष व्हिसा जास्तीत जास्त ५५ हजार. त्यातही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त नाहीत, म्हणजे नेपाळच्या वाट्याला ३,८५० हून अधिक कधीच येणार नाहीत. हा आकडा कुठलीही कंपनी एकानेही वाढवू शकत नाही.

या दुसऱ्या कंपनीच्या दरपत्रकातलं कलम सातही वाचा. दरवर्षी ती आपोआप तुमच्या नावाने अर्ज भरणार आणि कार्डावरून पैसे कापणार. पुढच्या वर्षी तुम्ही विसरून स्वतः भरलंत की दोन अर्ज होतील. शिवाय गेल्या वर्षीचाच फोटो पुन्हा लावला तर अर्ज बाद होतो. फोटो सहा महिन्यांच्या आतला लागतो. तुमच्याकडून नवा फोटो न मागता दरवर्षी भरून देणारा माणूस काय लावणार आहे?

तिसरा पर्याय पोखऱ्याचा सायबर. त्याचे दर सर्वांत कमी, आणि तिघांत त्याच्याबद्दलच मला थोडा आदर आहे. घरात संगणक नाही, इंग्रजी येत नाही, अशा माणसाला फॉर्म भरून देणं हे खरं काम आहे आणि त्याचे शे-दोनशे रुपये घेण्यात गैर काही नाही. नेपाळमध्ये ऑक्टोबर आला की सायबर आणि फोटो स्टुडिओ डीव्हीच्या पाट्या लावतात, आणि लाखो लोकांचं काम त्यांच्याचमुळे होतं. धोका वेगळ्या जागी आहे. अर्ज गेला की पडद्यावर एक कन्फर्मेशन नंबर येतो. निकाल पाहायला तो नंबर, आडनाव आणि जन्मसाल लागतं. नंबर हरवला तर परत मिळवता येतो, पण त्यासाठी अर्जात दिलेला ईमेल लागतो. सायबरवाल्याने स्वतःचा ईमेल टाकला आणि नंबर स्वतःकडे ठेवला, तर तुमचं नशीब त्याच्या ड्रॉवरमध्ये गेलं. मे महिन्यात निवड झाली की तो तुमच्या आधी बघतो, आणि मग नंबराची किंमत ठरते.

पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोत हा धंदा कुठवर जातो, ते चार्ल्स पियो या मानववंशशास्त्रज्ञाने ‘द फिक्सर’ या २०१९ च्या पुस्तकात तपशिलाने मांडलं आहे. लोमे शहरातले दलाल गरिबांचे अर्ज स्वतः भरतात. नाव लागलं की मुलाखतीचा आणि तपासणीचा खर्च पेलणारा कुणी शोधतात, आणि त्या बदल्यात निवड झालेल्याच्या अर्जात एक नवरा किंवा बायको जोडली जाते. काही वेळा ती लग्नं खरी ठरतात, काही वेळा फक्त कागदावर राहतात. पियो त्या दलालांना निव्वळ खलनायक करत नाहीत, आणि मलाही तसं वाटत नाही. ज्याच्याकडे मुलाखतीचेही पैसे नाहीत त्याला दुसरं कोण उभं करणार? पण व्हिसा अधिकाऱ्याला खोटं नातं सापडलं तर शिक्का बसतो तो अर्जदारावर, आणि अमेरिकेचा दरवाजा आयुष्यभरासाठी बंद होऊ शकतो. दलाल पुढच्या वर्षी दुसरा अर्ज भरतो.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. तिघांपैकी कुणालाही पैसे देऊ नका. दाइंच्या सायबरमध्ये अर्ज आधीच गेला असेल, तर मात्र त्याचे पैसे पूर्ण चुकते करा आणि कन्फर्मेशनचं पान छापून, फोटो काढून मागवा. त्यावर ईमेल कुणाचा आहे, जन्मतारीख बरोबर आहे का, आणि पती म्हणून अनिकेतचं नाव आहे का, ते बघा. लग्न झालेलं असून जोडीदाराचं नाव सोडलं तर पुढे व्हिसा नाकारतात, तो माणूस बरोबर येणार नसला तरी.

हातातले पैसे ठेवा ते निवडीनंतरसाठी. कारण निवड म्हणजे व्हिसा नव्हे. मग डीएस-२६० हा लांबलचक फॉर्म येतो, केस नंबरप्रमाणे पाळी येण्याची वाट पाहावी लागते, जन्माचे, लग्नाचे, पोलिसांचे दाखले जमवावे लागतात, आणि हे सगळं ३० सप्टेंबर २०२६ च्या आत. त्या तारखेनंतर एक दिवसही मुदतवाढ नसते. नेपाळी दाखल्यांवरचं आणि पासपोर्टवरचं नाव जुळत नसेल, किंवा कुणाचा आधीचा व्हिसा मोडलेला असेल, तर तिथे अमेरिकेतल्या परवानाधारक वकिलाची फी मी एका शब्दाने अडवणार नाही. इथे इमिग्रेशनचा कायदेशीर सल्ला देण्याचा अधिकार वकिलाला किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीलाच आहे. असे प्रतिनिधी ना-नफा संस्थांमध्ये असतात आणि फार थोड्या पैशांत काम करतात. पुण्याच्या कन्सल्टंटला यातला कुठलाच अधिकार नाही.

सृजना, एक खास तुझ्यासाठी. नेपाळची एसएलसी, म्हणजे दहावी, पुरेशी नाही. बारा वर्षांचं शिक्षण पूर्ण हवं, नाहीतर मागच्या पाच वर्षांत प्रशिक्षण लागणाऱ्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव. तुझं प्लस टू झालंय आणि पुढे पुण्यात पदवीही, म्हणून तुला अडचण नाही, पण प्लस टूची मूळ गुणपत्रिका आत्ताच घरून मागवून ठेव. तुझ्या मैत्रिणींपैकी कुणी दहावीवर थांबली असेल आणि तसा अनुभवही नसेल तर तिला आधीच सांग, म्हणजे ती दरवर्षी पैसे आणि आशा घालवणार नाही.

फोटो चौकोनी, ६०० बाय ६०० पिक्सेल, २४० केबीच्या आत, पार्श्वभूमी पांढरी, चष्मा काढून. अनिकेत, तुझ्या फोनवर काढलेला चालेल, स्टुडिओत चेहरा गोरा करून घेऊ नकोस. दोघांनी आपापला ईमेल वापरा आणि दोन्ही नंबर कागदावर लिहून मला पाठवा, मीही जपून ठेवीन. मुदत ७ नोव्हेंबरला इथल्या दुपारी बारापर्यंत आहे, म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे साडेदहा. शेवटच्या आठवड्यात संकेतस्थळ फार हळू चालतं, म्हणून दिवाळीच्या आधीच उरकून टाका. येत्या शनिवारी तुमच्या सकाळी मी फोन करते. तोवर दाइंचं उत्तर आलेलं असू दे.

तुमची,
वसुधाआत्या