हुंडीचें निमे

जुन्या हुंडींत रक्कम एकदां लिहून भागत नसे. रुपये १०० असले, तर ‘निमे ५०, त्यांचे दुप्पट १०० पुरे’ अशा धर्तीचा मजकूर असावयाचा. मागाहून कोणीं शून्य वाढविलें, तर निमे आडवें येई. जळगांवासारख्या कापसाच्या पेठेंत राहणारांस हें नवें नाहीं. आम्हांस मात्र तें परवां निराळ्याच निमित्तानें आठवलें.

धुळ्यास दुकान चालविणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें यूएसबी नेटवर्क अडॅप्टरच्या ड्रायव्हरमधील एक दुरुस्ती आम्हांस दाखविली. लिनक्समध्यें ती २०२३ सालीं झाली. ड्रायव्हर ‘एसएमएससी ९५एक्सएक्स’ वर्गाचा. चिमुकल्या रास्पबेरी पाय संगणकाच्या पहिल्या पिढ्यांत याच वर्गाच्या चिपा होत्या. आलेलें प्रत्येक पॅकेट संगणकाकडे देतांना अडॅप्टर त्याच्या माथ्यावर ४ बाइटांची चिठ्ठी लावतो. तींत पॅकेटाची लांबी. ड्रायव्हर तितके बाइट मोजून वर धाडी. पण चिठ्ठींत १५०० आणि हातांत १००च आले, तर? ही विचारपूसच नव्हती. उरलेल्या १४०० च्या जागीं शेजारची स्मृति जाई, आणि तींत कोणाचा पासवर्ड असेल, कोणाचें पत्र, याचा नेम नाहीं.

दुरुस्ती मोजक्या ओळींची: चिठ्ठींतील लांबी हातांतील बाइटांहून अधिक असल्यास पॅकेट टाकावें. इंग्रजी काव्य शिकविण्यांत हयात घालविलेले आम्ही त्या ओळी वाचून थोडे खट्टूच झालों. एवढ्या दुखण्यास इतकेंच औषध!

एसिक्सच्या एएक्स ८८७७२ चिपेंत लांबीशेजारीं तिचाच उलटा आंकडा असतो, शून्याजागीं एक व एकाजागीं शून्य. मेळ न बसल्यास ड्रायव्हर पॅकेट नाकारतो. हें निमेच कीं! पण निमे खाडाखोड करणारास अडवितें; मुळांतच खोटी हुंडी लिहिणारास नव्हे. त्याच्यासाठीं थैली मोजूनच घेतली पाहिजे. आणि असें खोटें बोलणारें यंत्र मुद्दाम बनवून खिशांतून आणतां येतें.

विद्यार्थ्याच्या दुकानांतील एका यंत्रावर अद्याप जुनाच कर्नल आहे. बदलला तर प्रिंटर रुसतो म्हणे. त्याच यंत्रावर लोकांच्या आधारकार्डांच्या प्रती निघतात. परकें यूएसबी साधन त्यास लावूं नकोस, असें आम्हीं बजाविलें. “सर, गिऱ्हाईक पेनड्राइव्हच पुढें करतें,” तो म्हणाला, “त्याला परत कसें पाठवूं?”