वर्गातील तंत्रज्ञान : दृष्टिकोन कसा बदलतो

वर्गातील तंत्रज्ञानाकडे पाहण्याचा दृष्टिकोन प्रशिक्षणाने बदलतो. मात्र शिक्षकाचा आणि विद्यार्थ्याचा बदल उलट दिशांनी होतो. शिक्षक भीतीपासून किंवा कंटाळ्यापासून निघतो आणि हळूहळू वापरापर्यंत येतो. विद्यार्थी अपार कुतूहलापासून निघतो आणि खाली उतरत अभ्यासापर्यंत येतो. बुलढाणा जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत गेल्या दोन दशकांत हे दोन्ही प्रवास जवळून पाहता आले. प्रस्तुत लेखक या काळात आधी घाटाखालच्या एका द्विशिक्षकी शाळेत आणि नंतर घाटावरच्या एका मोठ्या शाळेत शिक्षक होता. मधल्या काळात केंद्रपातळीवरील प्रशिक्षणांत सुलभक म्हणूनही त्याने काम केले. पुढील निरीक्षणे त्या अनुभवातली आहेत.

या जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग लोक सहज बोलण्यात करतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव हे तालुके घाटाखाली, रेल्वेमार्गावर. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा घाटावर. जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या उत्तरेला सातपुडा लागतो, आणि तिथल्या काही वस्त्यांत रेंज शोधत गावाबाहेर यावे लागते. म्हणून एखाद्या शिक्षकाला तंत्रज्ञानाविषयी मत विचारण्याआधी त्याची शाळा कुठे आहे ते विचारणे बरे. बिल थकल्यामुळे वीज तोडलेल्या शाळेत टीव्हीबद्दलची उदासीनता हा वृत्तीचा दोष नसतो, ते साधे व्यवहारज्ञान असते.

जिल्ह्यातल्या बऱ्याच शिक्षकांची संगणकाशी पहिली ओळख सक्तीतून झाली. 2001 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम शासकीय कर्मचाऱ्यांसाठी आवश्यक ठरला, आणि मुदतीत उत्तीर्ण न झाल्यास वेतनवाढीवर गदा येण्याची धास्ती होती. पन्नाशीतले गुरुजी तालुक्याच्या गावी संध्याकाळच्या बॅचला विशीतल्या पोरांशेजारी बसू लागले. माऊस टेबलाच्या कडेला पोहोचला की आता पुढे कसे जायचे, हा तिथला पहिला पेच. तो उचलून मागे ठेवला तरी पडद्यावरचा बाण जागचा हलत नाही, हे एकदा कळले की चेहऱ्यावरचा ताण निम्मा होई. त्या दृष्टीने या अभ्यासक्रमाने मोठे काम केले: यंत्राला हात लावण्याची भीती गेली. पण तिथे शिकलेला अर्ज टंकणे, तक्ता करणे आणि तिसरीच्या वर्गातला भागाकार यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. प्रमाणपत्र सेवापुस्तकात लागले आणि वर्ग होता तसाच राहिला.

याच सुमारास काही शाळांत संगणकही आले. त्यातले बरेच प्लॅस्टिकच्या आवरणाखाली, मुख्याध्यापकांच्या खोलीत, कुलपात राहिले. याला शिक्षकांची तंत्रज्ञानाविषयीची नावड म्हटले गेले; ते निदान अपुरे होते. शाळेत आलेली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते. तपासणीत ती दाखवावी लागते, बिघडली तर खुलासा द्यावा लागतो, आणि दुरुस्तीला पैसा मात्र कुठल्याच शीर्षाखाली सहज मिळत नाही. पोरांच्या हाती दिलेला संगणक बिघडण्याची शक्यता असते, कुलपात ठेवलेला मात्र नोंदीप्रमाणे सुस्थितीत राहतो. मुख्याध्यापकाची भीती यंत्राची नव्हती, लेखापरीक्षणाची होती. संगणक चालू कसा करायचा हे शिकवणाऱ्या प्रशिक्षणात या भीतीला उत्तरच नव्हते.

चित्र पालटले ते 2015 नंतर. त्या वर्षीच्या 22 जूनला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासननिर्णय निघाला, आणि त्याच्या आगेमागे राज्यभर डिजिटल शाळांची लाट आली. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा शाळेचे नाव डिजिटल शाळेचा नमुना म्हणून प्रत्येक शिक्षण परिषदेत ऐकू येऊ लागले. गावोगाव लोकवर्गणी झाली, एलईडी टीव्ही आणि प्रोजेक्टर आले. या लाटेत दिखाऊपणा पुष्कळ होता. फीत कापून झाल्यावर पुन्हा न लागलेले टीव्हीही लेखकाने पाहिले आहेत. पण वर्गणीतून आलेल्या वस्तूबाबत एक गोष्ट वेगळी होती: ती वापरली जाते की नाही, याची चौकशी गावच करत असे.

याच काळात ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द रूढ झाला आणि प्रशिक्षणाचा ढंग बदलला. आता शिकवणारा शेजारच्या केंद्रातलाच शिक्षक असे. त्याच्याही शाळेत वीज जात असे, त्यामुळे ‘लाइट गेली तर काय?’ या प्रश्नावर तो हसत नसे, चार्ज करून ठेवलेल्या फोनवरच पाठ कसा दाखवायचा ते सांगे. शिकायचे स्वतःच्या मोबाइलवर, आणि दिवस संपण्यापूर्वी उद्याच्या पाठासाठी काहीतरी करून न्यायचे.

अशाच एका कार्यशाळेत निवृत्तीला आलेल्या एक बाई सकाळभर मागच्या बाकावर अलिप्त बसल्या होत्या. ‘आता आमचं काय राहिलं, सर’ हे त्यांचे पालुपद. दुपारी प्रत्येकाने एक छोटी चित्रफीत करायची होती. बाईंनी आपल्या वर्गातल्या मुलांनी काढलेल्या चित्रांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवलेले होते. शेजारच्या तरुण शिक्षकाच्या मदतीने त्यांनी ते एकापुढे एक लावले आणि त्यावर स्वतःच्या आवाजात, खास वऱ्हाडी हेल काढत, एक गोष्ट सांगितली. मध्ये कुणाचा तरी फोन वाजला, तोही आवाज त्यात आला. पुढच्या शिक्षण परिषदेला त्या सर्वांआधी हजर होत्या. टीव्हीतून आपल्या बाईंचा आवाज येतो आणि पडद्यावर आपले चित्र दिसते, म्हणून दुसरीच्या मुलांनी गोष्ट पुन्हा पुन्हा लावायला सांगितली होती, आणि एरवी गप्प बसणारा एक मुलगा ती दुसऱ्या दिवशी तोंडपाठ सांगू लागला होता. बाईंचा प्रश्न एकच होता: तो मधला फोनचा आवाज कापायचा कसा?

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ थॉमस गस्की यांनी 1986 मध्ये हाच क्रम मांडला होता. आधी शिक्षकाचे मन वळवायचे, मग तो वापर करील आणि मग मुलांत फरक दिसेल, असे प्रशिक्षण आखणारे गृहीत धरतात. गस्की यांच्या म्हणण्याप्रमाणे मन वळते ते शेवटी: शिक्षक काहीतरी करून पाहतो, मुलांत फरक दिसतो आणि त्यानंतर त्याचा विश्वास बसतो. फ्रेड डेव्हिस यांनी 1989 मध्ये मांडलेल्या प्रतिमानात नव्या तंत्राचा स्वीकार दोन गोष्टींवर ठरतो: ते उपयोगी वाटते का आणि सोपे वाटते का. एमएस-सीआयटीने यातले सोपेपण दिले. उपयोग मात्र बाईंना त्यांच्या दुसरीच्या वर्गातच दिसला.

या बदलाला त्याच वर्षांत एक उलटा झटकाही बसत होता. 2015 पासून सरल प्रणालीत विद्यार्थ्यांची, शिक्षकांची आणि शाळेची माहिती ऑनलाइन भरण्याचे काम शिक्षकांकडे आले. दिवसा संकेतस्थळ उघडत नाही म्हणून रात्री जागून आधार क्रमांक भरणाऱ्या शिक्षकाच्या तोंडी ‘ऑनलाइन’ हा शब्द वैतागाचा झाला. दृष्टिकोनाची प्रश्नावली घेऊन कोणी अशा शिक्षकाकडे गेला, तर मिळणारे उत्तर पोर्टलबद्दलचे असते, आणि अहवालात ते वर्गातल्या तंत्रज्ञानाबद्दलचे म्हणून लिहिले जाते. या विषयावरच्या पुष्कळ मोजमापांत हा घोटाळा आहे, असे लेखकाचे मत आहे.

2017 च्या 5 सप्टेंबरला दीक्षा हा डिजिटल शैक्षणिक साहित्याचा राष्ट्रीय मंच सुरू झाला आणि बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड दिसू लागले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी आपल्या वर्गात हा प्रयोग आधीच केला होता. त्यांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. क्यूआर कोडने शिक्षकाची शोधाशोध वाचवली. पाठापाशीच साहित्य मिळू लागल्याने काठावरचे पुष्कळ जण वापराकडे आले. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, आणि उरलेल्यांना प्रशिक्षणाची वाट पाहायला सवडच राहिली नाही. पण घरात एकच स्मार्टफोन, आणि तो सकाळी वडिलांबरोबर शेतात किंवा कामावर. जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर लागणारी ‘टिलीमिली’ ही मालिका अशा घरांना अधिक जवळची ठरली.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत अडचण अगदी वेगळी असते. त्यांना भीती नसते, उत्सुकता गरजेपेक्षा जास्त असते. टॅबवर वजाबाकीचा खेळ लावला की मूल चार पर्यायांवर पटापट बोट मारत सुटते; हिरवी खूण आली की टाळी. हातचा घेतला का, हा प्रश्नच उरत नाही. घाटाखालच्या शाळेत यावर साधा नियम केला गेला: आधी पाटीवर गणित मांडायचे, जोडीदाराला दाखवायचे, मग टॅबला हात लावायचा. सुरुवातीला मुले हिरमुसली, काहींनी टॅबच नको म्हटले. काही आठवड्यांनी पाटीवरचे उत्तर आणि टॅबवरचे उत्तर जुळते का, ही त्यांचीच चुरस झाली. जोड्या करताना आणखी एक गोष्ट दिसली. मुलगा आणि मुलगी एकत्र बसवली की यंत्र मुलाच्या हाती जाई आणि मुलगी पाटी धरून बसे. पाळी ठरवून दिल्याशिवाय यात फरक पडला नाही.

गुजरातमधले दोन प्रयोग इथे आठवण्यासारखे आहेत. वडोदऱ्याच्या पालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे, असे गणिताचे खेळ दिले गेले. त्यांचे गणित स्पष्टपणे सुधारले; अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यातलेच ली लिंडन यांना दुसऱ्या एका शाळासमूहात असे आढळले की, संगणकाचा तास शिक्षकाच्या तासाऐवजी ठेवला तर मुले मागे पडतात, आणि शाळेनंतर जादा दिला तर फायदा होतो.

मोठ्या मुलांचा प्रशिक्षणापूर्वीचा ठाम समज असतो की गुगल खोटे सांगत नाही. घाटावरच्या शाळेत सातवीच्या मुलांना लोणार सरोवराची माहिती शोधायला सांगितली होती. सहलीत बहुतेकांनी ते पाहिलेले. एका गटाने विवराचे वय सुमारे 52 हजार वर्षे लिहून आणले, दुसऱ्याने सुमारे 5 लाख 70 हजार. दोन्ही गटांनी एकमेकांचा आकडा चुकीचा ठरवला आणि फोनचे पडदे पुरावा म्हणून नाचवले. मग कळले की दोन्ही आकडे शास्त्रज्ञांचेच आहेत. पहिला तापदीप्ती पद्धतीने काढलेला, दुसरा 2010 च्या सुमारास आर्गॉन समस्थानिकांवरून. मोजण्याची रीत बदलली की वय दहापट बदलू शकते, हे मुलांना फार अस्वस्थ करून गेले. ‘मग खरं कोणतं, सर?’ यावर त्या दिवशी आर्गॉनच्या आकड्याकडे आता अभ्यासकांचा कल आहे एवढेच सांगता आले. पुढच्या प्रकल्पांत काही मुले माहितीखाली ती कुठून घेतली तेही, कोणी न सांगता, लिहू लागली. फोनबद्दलचे त्यांचे प्रेम कमी झाले नाही, पण त्याच्या शब्दावरचा आंधळा भरवसा ओसरला.

शिक्षकांच्या बदल्यांचा परिणाम या सगळ्यावर होतो. 27 फेब्रुवारी 2017 च्या शासननिर्णयानंतर जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या राज्यभर ऑनलाइन होऊ लागल्या, आणि पुढच्या वर्षी त्या मोठ्या संख्येने झाल्या. टीव्ही डेडस्टॉक रजिस्टरला राहतो, तो वापरणारा शिक्षक दुसऱ्या तालुक्यात जातो. पेनड्राइव्हवरचे साहित्य, पासवर्ड, कोणत्या पाठाला काय दाखवायचे याचा अंदाज, सारे त्याच्याबरोबर जाते. अशा काही शाळांत टीव्ही पुन्हा आवरणाखाली गेले. काहींत तसे झाले नाही, कारण वापराची सवय एव्हाना मुलांना लागली होती. नव्याने आलेल्या सरांना चौथीची मुले रिमोट कुठे असतो, कोणती वायर कुठे लावायची आणि आधीचे सर पाटीवर काय लिहून घेत, हे सांगू लागली.