अब्बांचं क्लॅरिनेट

आमच्या घरात भिंतीवर दोन कॅलेंडरं असत. एक उर्दू, चांदच्या तारखांचं; दुसरं कालनिर्णय. रमजान कधी लागणार ते पहिल्यात बघायचं आणि घरात पैसा कधी येणार ते दुसऱ्यात. अब्बा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. तुळशीचं लग्न लागलं की त्यांचा हंगाम सुरू होई. पुढच्या लग्नतिथी, अक्षय्य तृतीयेचा वार, सगळं त्यांना तोंडपाठ. शेजारच्या हिंदू बायका अम्मीला विचारायच्या, "भाभी, भाईजानला विचारा की, मे महिन्यात मुहूर्त किती आहेत?"

'जालना सोने का पालना' असं आमच्या शहराला म्हणतात. ते सोनं आमच्या जुन्या जालन्यातल्या मोहल्ल्याला कधी दिसलं नाही. पण कुंडलिकेच्या दोन्ही काठांवरच्या कितीतरी वराती आमच्याच माणसांच्या फुंकीवर मांडवापर्यंत पोचल्या, हे मात्र खरं.

आषाढ लागला की काम बंद. मग सगळे वाजवणारे चौकातल्या एका हॉटेलात बसत. एका चहाचे दोन कप. वाद्यं बहुतेक मेरठची. तिथल्या जाली कोठी भागात बँडची वाद्यं बनतात. नादिर अली यांचा कारखाना तर 1885 सालचा. कुणाच्या क्लॅरिनेटचं पॅड पावसाळ्यात फुगून हवा सोडायचं, कुणाची रीड चिरलेली असायची. ब्लेडनं रीड घासून, जिभेवर ओली करून एकमेकांना दाखवायचे. उसनवारी, सोयरिकी, भांडणं, सगळं तिथंच. आम्ही भावंडं अब्बांना जेवायला बोलवायला जायचो आणि तिथंच रमायचो.

पण एक गोष्ट तिथं कुणी बोलत नसे. आपापला खास हुनर. अब्बांची मींड मशहूर होती. क्लॅरिनेटला किल्ल्या असतात, सूर पायऱ्यांनी चढतो; शहनाईसारखा तो सहज घसरत नाही. अब्बांचा घसरायचा. कसा, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रियाजाच्या वेळी एखादा पोरगा बोटांकडे बघतोय असं वाटलं, की ते भिंतीकडे तोंड करून बसत.

गल्लीतला एक पोरगा वर्षभर त्यांच्या मागं होता. पेटी उचलायचा, चहा आणायचा. अब्बांनी त्याला सरगमच्या पुढं नेलं नाही. अम्मी एकदा म्हणाली, "शिकवा की त्याला. सवाब मिळेल." अब्बा म्हणाले, "हुनर वाटला की भाकरपण वाटली जाते. चार पोरं आहेत आपल्याला." तो पोरगा शेवटी रोलिंग मिलमध्ये कामाला लागला.

नातेवाइकांत वेगळीच कुजबुज होती. वाजवण्याची कमाई जायज की नाजायज? एका ईदला मामूंनी तोंडावर विचारलं. अब्बा एवढंच म्हणाले, "रात्रभर चालून फुंकतो, तेव्हा मिळते. बाकीचा हिसाब मी वर देईन." त्याच कमाईवर आम्ही चौघं शिकलो. तरी कॉलेजात वडिलांचा व्यवसाय लिहायच्या रकान्यात आम्ही 'मजुरी' लिहीत होतो. हे आज लिहितानाही शरम वाटते.

पुढं डीजे आला. पंधरा माणसांच्या जागी एक गाडी. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि ऐन हंगामातल्या उरल्यासुरल्या सुपाऱ्याही गेल्या. त्याच वर्षी अब्बांचे पुढचे दात पडले. क्लॅरिनेट वरच्या दातांवर टेकतं. कवळी बसवली, पण फुंकताना ती हलायची. पेटी कपाटावर गेली.

धाकट्यानं त्यांना मोबाइलवर क्लॅरिनेटवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये घातलं. विदर्भापासून कोकणापर्यंतची माणसं. कुणी रीड कुठं मिळते विचारी, कुणी जुनं वाद्य विकायला काढी. अब्बा नाक मुरडायचे. एका रात्री कुणीतरी मास्टर इब्राहिम यांची जुनी तबकडी टाकली. सिनेमाची गाणी क्लॅरिनेटवर वाजवणारे मास्टर इब्राहिम! अब्बांनी लहानपणी ते हॉटेलातल्या ग्रामोफोनवर ऐकले होते. मोबाइल कानाला लावून ते फजरपर्यंत बसले.

काही दिवसांनी खानदेशातल्या एका मुलानं ग्रुपवर विचारलं, मींड कशी काढायची? दहा जणांनी दहा उत्तरं दिली. अब्बा चिडले. "सगळे चूक सांगतात!" मग धाकट्याच्या हातातून मोबाइल घेऊन ते बोलू लागले, "बेटा, बोट एकदम उचलू नकोस. भोकावरून बाजूला सरकवत सरकवत उघड. आणि खालचा ओठ जरा सैल सोड. दोन्ही बरोबर." मग पेटी खाली काढायला लावली आणि न फुंकता, नुसती बोटं चालवून दाखवली. चाळीस वर्षं भिंतीकडे तोंड करून जपलेली गोष्ट तीन मिनिटांत त्यांनी अनोळखी माणसांना देऊन टाकली.

त्या रात्री ते जेवले नाहीत. म्हणाले, "त्या मिलवाल्या पोराला बोलवा."

तो आला तेव्हा पोरगा राहिला नव्हता. दाढी पांढरी झाली होती. अब्बांनी क्लॅरिनेट त्याच्या हातात दिलं. त्यानं भोकांवर बोटं ठेवून बघितली. मिलच्या कामानं ती जाड, ताठ झाली होती. "चाचा, आता नाही वळत," एवढंच तो म्हणाला. अब्बांनी त्याचा हात बराच वेळ सोडला नाही.

हुनर वाटल्यानं भाकर गेली नाही. भाकर डीजेनं केव्हाच नेली होती. भाकर जपता जपता आपण काय काय दाबून ठेवलं, याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. अब्बांनी हुनर दाबला, आम्ही अब्बांचं काम दाबलं.

खानदेशातला मुलगा अधूनमधून वाजवून पाठवतो. रीड नीट घासलेली नसते, ते मोबाइलवरून हातात घेऊन दाखवता येत नाही. अब्बा ऐकतात आणि बोलून कळवतात, "अजून एकदा पाठव, बेटा."