‘बॅकअप पूर्ण’

दवाखान्याच्या कपाटात माझ्यापाशी एक लहानशी वही अद्याप आहे, आणि तिच्यातील प्रत्येक शनिवारच्या तारखेपुढे एकाच वळणदार हस्ताक्षरात ‘बॅकअप पूर्ण’ असा शेरा असून त्याखाली सही आहे. ही वही एकदाची रद्दीत घालावी, असे घरातील मंडळी मला वारंवार सुचवितात. परंतु कोणी इतक्या नियमितपणे आणि इतक्या सुवाच्य अक्षरात कधीही न झालेल्या कामाची नोंद करीत राहावे, याचे मला वाटलेले आश्चर्य अजून ओसरलेले नसल्यामुळे ती मी ठेवून घेतली आहे.

पूर्वपीठिका फारशी नाही. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी, काही वर्षे पशुसंवर्धन खात्याची चाकरी आणि मग सांगलीत स्वतःचा दवाखाना, हा क्रम माझ्या पिढीतील पुष्कळांचा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले तेव्हा तळमजल्यावरील केसपेपरांचे गठ्ठे चिखलात गेले, आणि यापुढे सारे दप्तर संगणकावर ठेवावयाचे असे ठरले. संगणकांची देखभाल एका कंपनीकडे वार्षिक कराराने, म्हणजे ज्याला सगळेच एएमसी म्हणतात त्या पद्धतीने, सोपविण्यात आली. रक्कम दरसाल आगाऊ पोचती होत असे.

एका सोमवारी सकाळी कम्पाउंडर सांगत आला, “साहेब, एकही फाइल उघडेना.” प्रत्येक फाइलीच्या नावापुढे अगम्य अक्षरे चिकटलेली होती आणि पडद्यावर खंडणीची इंग्रजी चिठ्ठी होती, जिच्यात रक्कम बिटकॉइनमध्ये मागितली होती. हे कसे घडले याचा उलगडा पुढे झाला. कंपनीच्या इंजिनिअरांना आपल्या कचेरीत बसून आमचे यंत्र हाताळता यावे म्हणून त्यांनी रिमोट डेस्कटॉपची वाट इंटरनेटच्या बाजूने सताड उघडी ठेवली होती, तिला दवाखान्याचे नाव व त्यापुढे १२३ एवढाच पासवर्ड दिला होता, आणि ज्याला आम्ही मोठ्या आदराने सर्व्हर म्हणत असू त्या यंत्रावर विंडोज ७ होते, ज्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने सर्वसाधारण ग्राहकांसाठी १४ जानेवारी २०२० रोजीच बंद केल्या होत्या. यांतील एकही गोष्ट आम्हांस कळविण्यात आली नव्हती.

तरीही त्या सकाळी मी फारसा अस्वस्थ झालो नाही, कारण बॅकअपची डिस्क होती आणि ती वही होती. कंपनीच्या मुलाने डिस्क जोडली. ‘रुग्णनोंदी’ नावाचे फोल्डर दिसले आणि ते उघडताच सर्व परिचित चिन्हे ओळीने उभी राहिली; परंतु प्रत्येक चिन्हाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक चिमुकला वाकडा बाण होता. मुलाने एकावर क्लिक केले, दुसऱ्यावर केले, मग एकाचे आकारमान पाहिले. ते दोन केबी होते. दर शनिवारी तो सर्व्हरच्या पडद्यावरील शॉर्टकट तेवढे उचलून डिस्कवर ठेवीत आला होता. डिस्कवर नोंदी नव्हत्या. नोंदी कोठे ठेवल्या आहेत हे सांगणारे पत्ते तेवढे होते, आणि त्या पत्त्यावर आता काही उरले नव्हते. मुलगा बराच वेळ त्या बाणांकडे पाहत राहिला, आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “मला असंच शिकवलं होतं, सर.”

एक यंत्र मात्र वाचले. क्ष-किरण छायाचित्रांचा संगणक सर्व्हरला जोडणारी तार उंदरांनी कुरतडली होती, आणि ती बदलावी म्हणून मी कंपनीकडे तगादे लावून थकलो होतो. ती कोणी बदललीच नाही, म्हणून खंडणीचा उपद्रव तिथपर्यंत पोहोचला नाही. त्या कंपनीने माझे जे काही रक्षण केले ते तिच्या दिरंगाईने केले, हे नमूद करणे न्यायाचे होईल.

नोंदी गेल्या म्हणजे नेमके काय गेले, हे पशुवैद्यकाबाहेरच्या माणसास चटकन उमगत नाही. रुग्ण स्वतः बोलत नसल्यामुळे कोणत्या कुत्र्याला कोणते औषध सोसत नाही आणि मधुमेही मांजराचे इन्सुलिन गेल्या खेपेस किती होते, हे सांगणारा साक्षीदार ती नोंदच असते. आमच्याकडील एका लॅब्रेडोरचे धनी सहकुटुंब जर्मनीस जाणार होते. भारतातून युरोपीय संघात कुत्रे न्यावयाचे तर आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्ततपासणी, तीत प्रतिपिंडांचे प्रमाण किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिन्यांची प्रतीक्षा, असा क्रम आहे. चिप लसीच्या आधी बसविली होती याचा पुरावा नसेल तर ती लस हिशेबात धरीत नाहीत. त्यांची लसीकरण-पुस्तिका घर बदलताना गहाळ झालेली, आणि चिपची तारीख आमच्या नोंदीत. वाचलेल्या यंत्रात त्या कुत्र्याचे लसीपूर्वीचे एक छायाचित्र सापडले, तेव्हा मला क्षणभर दैव अनुकूल वाटले: खांद्यांच्या फऱ्यांमध्ये ती बारा मिलिमीटरांची चिप स्पष्ट दिसत होती. परंतु छायाचित्रात चिप दिसते, तिचा पंधरा अंकी क्रमांक दिसत नाही. पुन्हा लस, पुन्हा तीस दिवस, पुन्हा तीन महिने. कुटुंब निघून गेले. कुत्रे आजोबांपाशी राहिले. आजोबा एवढेच म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आमचं एक असो, ह्याला कोण समजावणार?”

कंपनीस मी कैफियत विचारली, तेव्हा करारातील एका कलमावर बोट ठेवून ‘ग्राहकाच्या माहितीची जबाबदारी सर्वस्वी ग्राहकाची’ असे मला दाखविण्यात आले. वहीतील सह्यांविषयी विचारले असता ती ‘अंतर्गत नोंद’ असल्याचे उत्तर आले. शिवाय प्रकरणाचा बोभाटा करू नये, असा सल्लाही मिळाला. वस्तुतः असे प्रकार सहा तासांच्या आत कळवावेत, असे निर्देश केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्येच काढलेले आहेत. फिर्याद मी दिली. खंडणी दिली नाही. करार मोडतो म्हटल्यावर मात्र जे घडले त्याची मला कल्पना नव्हती. दवाखान्याचे संकेतस्थळ आणि ई-मेलचा पत्ता ज्या डोमेनवर होता ते त्यांनी माझ्या पैशाने, परंतु स्वतःच्या नावावर नोंदविले होते, आणि ते माझ्या नावे करून देण्यासाठी त्यांनी ‘हस्तांतर शुल्क’ मागितले. चोरांनी निदान चिठ्ठी लिहून आपला धंदा उघडपणे सांगितला होता. याच सुमारास त्या मुलास कामावरून काढल्याचे कळले. पहिल्या संतापात मी हेच इच्छिले होते. प्रत्यक्ष झाले तेव्हा मला ते मुळीच आवडले नाही. ज्यांनी त्याला असे शिकविले ते जागच्या जागी आहेत.

नव्या माणसाची निवड करताना तिघांशी बोलणे झाले. एक पुण्याची मोठी कंपनी, जी चोवीस तास तक्रार नोंदवून घेण्यास तयार होती, पण पावसाळ्यात सांगलीस कोण येणार हे सांगण्यास तयार नव्हती. दुसरा एका पशुपालकाचा भाचा, अत्यंत स्वस्त. दोघांनीही रक्ततपासणीच्या यंत्राचा संगणक जुन्या विंडोजवर चालतो हे पाहताच सगळेच नवे घ्या म्हणून सांगितले. तिसरा, जो पूर्वी एका साखर कारखान्यात संगणक विभाग सांभाळीत असे, त्या यंत्रामागची तार हातात धरून म्हणाला, “ह्याचं सॉफ्टवेअर नव्यावर चालणार नाही. मशीन चांगलं आहे. ह्याचं इंटरनेट तेवढं तोडू या.” मग त्याने विचारले, भूल दिलेले जनावर टेबलावर असताना वीज गेली तर काय काय चालू राहिले पाहिजे? असा प्रश्न आजवर कोणी केला नव्हता. यूपीएस तपासता त्यावर बाहेरच्या खोलीतील वॉटर कूलर जोडलेला आढळला.

किती वेळात याल, असे मी विचारले. “अर्ध्या तासात येतो असं लिहून देणार नाही. गावात असलो तर दोन तासांत. कृष्णेला पाणी आलं तर फोनवरच बोलायचं,” तो म्हणाला. माझी पसंती येथेच ठरली होती. तरी मी त्याला महिनाभर चाचणीवर ठेवले. महिना संपल्यावर तो म्हणाला, गेल्या आठवड्यातील कोणत्याही एका जनावराचे नाव घ्या. मी मिरजेकडील एका मळ्यातल्या गाईचे नाव घेतले. त्याने एका कोऱ्या संगणकावर बॅकअपमधून तिची नोंद काढून दाखविली, ताप १०४, दिलेले औषध, पुढची तारीख, सारे जसेच्या तसे. असे प्रात्यक्षिक मागितल्याखेरीज कोणाही पशुवैद्यकाने करारावर सही करू नये, असे माझे मत आहे. तसेच एक प्रत यंत्रापासून सोडवून तिजोरीत असावी, कारण जोडून ठेवलेली डिस्कही त्याच तडाख्यात जाते. आणि एक प्रत गावाबाहेर असावी, कारण नदी.

करारनाम्यात आमच्या वकिलांनी कलमे घातली: माहिती दवाखान्याची, डोमेन दवाखान्याच्या नावे, मुदत संपताच सर्व पासवर्ड विनाशुल्क परत. तरीही खरे सांगावयाचे तर कलमांवर माझा तितकासा विश्वास बसलेला नाही. सह्या त्या वहीतही होत्या. म्हणून दर महिन्यास एक नोंद माझ्यासमोर परत आणली जाते, आणि ज्या केसपेपरांना मी २०१९ मध्ये नावे ठेवली ते केसपेपर वरच्या मजल्यावर पुन्हा सुरू केले आहेत. नव्या माणसाने यंदा दर वाढविला. मी घासाघीस केली नाही.

हस्तांतर शुल्क मी भरलेले नाही, त्यामुळे दवाखान्याचा जुना ई-मेल पत्ता आजही त्या कंपनीच्याच ताब्यात आहे. आमच्या पशुपालकांपैकी कोणी हे वाचीत असतील तर त्यांनी त्या पत्त्यावर काही पाठवू नये. नवा पत्ता दवाखान्याच्या दारावर लावला आहे.