६० वॉट आत, २२०० वॉट बाहेर

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. ऊर्जा निर्माण करता येत नाही, ती फक्त रूप बदलते, हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिते. म्हणूनच पनवेलमधल्या एका दुकानदाराने भरदुकानात माझ्या मुलाकडे बघून "दादा, तुम्हीच समजावा आईला, यातलं टेक्निकल त्यांना नाही कळायचं," असं म्हटलं, ते अजून डोक्यातून जात नाही.

मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटमधली तिची दहा बाय अकराची खोली मला मिळाली. झोपायची, पेपर तपासायची आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं गाणं स्वतः लावायची खोली. भावाची बंगळुरूला बदली झाली तेव्हा त्याने सोनोडाइनचे दोन जुने स्पीकर माझ्याकडे ठेवले होते. आठ ओहमचे, पुस्तकांच्या कपाटावर मावतील एवढे. हवा होता तो फक्त अ‍ॅम्प्लिफायर. पंचवीस हजारांच्या वर जायचं नाही, हे घरात ठरलेलं.

दुकानात मी मागितलं ते अगदी साधं होतं. दोन स्पीकरपुरता स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर, रिमोट असलेला. सिनेमे बघायचे नाहीत, पाच-सहा स्पीकर लावायला जागा नाही. त्याने मॉडेल दाखवलं, बिलबुकात त्याचा नंबर लिहिला, पाच हजार अ‍ॅडव्हान्स घेतला. आठवड्याचा वायदा महिन्यावर गेला, तेही मी सोडून दिलं.

"माल आलाय" असा फोन आला म्हणून मुलाला घेऊन गेले. काउंटरवर भलंमोठं रंगीत खोकं. आत पाच लहान स्पीकर, एक सबवूफर, निळे दिवे, माइक लावायची दोन भोकं. "तुमचं मॉडेल बंद झालं मॅडम. हा त्याच्या वरचा आहे, त्याच पैशात." खोक्यावर मोठ्या पिवळ्या अक्षरांत २२०० वॉट आणि खाली बारीक पीएमपीओ. मी यंत्र उचलून उलटं केलं. मागच्या पाटीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ६० वॉट.

मी शांतपणे विचारलं, "भिंतीतून ६० वॉट घेणारं यंत्र २२०० वॉट देतं कुठून?"

"६० वॉट लाइट बिलाचे मॅडम, २२०० म्युझिकचे."

हे उत्तर एखाद्या विद्यार्थ्याने दिलं असतं तर मी पुन्हा समजावून सांगितलं असतं. हा माणूस मात्र माझ्याशी बोलतच नव्हता. पैसे मी दिलेले, बिलावर नाव माझं, प्रश्न माझा आणि प्रत्येक उत्तर दहावीतल्या मुलाला. मुलगा म्हणाला, "काका, आई हेच शिकवते." तर तो हसला आणि पुन्हा त्यालाच सांगू लागला की बेस कसा छाती हलवतो. बाजूला उभा असलेला एक गिऱ्हाईक मला म्हणाला, "घ्या ताई, घरात लावल्यावर कळेल काय आवाज आहे!" तिथे कुणालाच वाटत नव्हतं की मी काही विचारलंय आणि त्याचं उत्तर यायचं बाकी आहे.

मी अ‍ॅडव्हान्स परत मागितला. त्याने बिलाच्या तळाशी छापलेल्या ओळीवर बोट ठेवलं. दिलेली रक्कम परत मिळणार नाही. पण मागितलेली वस्तू त्याने आणलीच नव्हती, मग कशाची रक्कम? त्यानंतर उडवाउडवी सुरू झाली. मालक बाहेर आहेत, हिशेबवाला सुट्टीवर आहे, सणानंतर या. शेवटी मी एका कागदावर सगळा प्रकार लिहिला, बिलाची झेरॉक्स जोडली आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. सही करायला कुणी तयार होईना, पण कागद बघितल्यावर मालक मात्र सापडले. पाचातले चार हजार मिळाले. उरलेला हजार म्हणे वाहतुकीचा. मी न मागवलेल्या मालाच्या वाहतुकीचा! ती रक्कम मी नंतर सोडली, कारण परीक्षा तोंडावर होत्या. सोडायला नको होती, असं आजही वाटतं.

आता त्या पीएमपीओबद्दल. हा आकडा मोजायची कुठलीही सर्वमान्य पद्धत नाही. क्षणाच्याही एका तुकड्यापुरता जो काल्पनिक उच्चांक गाठता येईल, त्याची सगळ्या स्पीकरची मिळून बेरीज करायची आणि ती खोक्यावर छापायची. गिऱ्हाइकाला उपयोगाचा आकडा वेगळा असतो. आठ ओहमच्या स्पीकरवर, दोन्ही बाजू एकाच वेळी वाजत असताना, खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत, किती विकृतीच्या आत, सलग किती वॉट. अमेरिकेत असल्याच फुगवलेल्या आकड्यांचा सुळसुळाट झाला तेव्हा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियमच केला की जाहिरातीत वॉट सांगायचे तर हे सगळं सांगायचं. आपल्याकडे पन्नास वर्षांनंतरही पिवळ्या अक्षरांवर विक्री होते. नामांकित कंपन्यांच्या होम थिएटर रिसीव्हरचे आकडेही नीट वाचावेत. एकच बाजू वाजवून, एकाच सुरावर, दहा टक्के विकृतीला मोजलेले वॉट ठळक छापतात. दहा टक्के विकृती म्हणजे गाणाऱ्याचा घसा बसल्यासारखा आवाज.

आणि मुळात बेडरूमला वॉट लागतात किती? माझ्या स्पीकरसारखे लहान स्पीकर एका वॉटला, एक मीटरवर, साधारण ८६ डेसिबल देतात. म्हणजे पलंगावर बसून भरपूर ऐकू येतं. वॉट दुप्पट केले तर जेमतेम ३ डेसिबल वाढतात. आवाज कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. आमच्या इमारतीत भिंतीपलीकडे शेजारच्यांचं तान्हं बाळ झोपतं. २२०० वॉट खरे असते तरी मी त्यांचं काय करणार होते?

एका रविवारी हार्बरने निघून कुर्ल्याला आणि दादरला गाडी बदलत ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोड गाठला. तिथेही रस्त्याकडेच्या दुकानांत पीएमपीओचे ढीग आहेतच. पण आतल्या बाजूच्या एका दुकानात वयस्कर गृहस्थांनी आधी खुर्ची दिली आणि विचारलं, "ऐकता काय?" मी म्हटलं, शास्त्रीय. फोनमध्ये किशोरीताईंचा भूप होता, तोच लावला.

अ‍ॅम्प्लिफायर पारखायचा असेल तर तानपुरा ऐकावा, हे मला तिथे कळलं. तबल्याच्या बायाने बेस कळतो, पण जवारी लावलेल्या तारेतून वर जी स्वरांची साखळी उठते, ती स्वस्त यंत्रात नुसती भणभण होते. चांगल्या यंत्रात तार वेगळी, तिचा गंधार वेगळा. गाणं थांबवून आवाज पूर्ण वाढवायचा आणि स्पीकरला कान लावायचा, म्हणजे यंत्राची स्वतःची सरसर कळते. मग झाकणाला कान लावायचा. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण दुकानाच्या गोंगाटात कळत नाही, पण रात्री उशाशी असेल तर झोप लागू देत नाही. एक चांगला अ‍ॅम्प्लिफायर मी फक्त त्या गुणगुणीपायी नाकारला.

पाटीचा विषय तिथेही काढला. मला आवडलेल्या जपानी यंत्राच्या पाटीवर १७५ वॉट होते आणि माहितीपत्रकात प्रत्येक बाजूला १०० वॉट. बेरीज बसेना. त्या गृहस्थांनी समजावलं की पाटीवरची वीज पूर्ण ताकदीला मोजत नाहीत. सुरक्षेच्या मानकाप्रमाणे पूर्ण ताकदीच्या एक अष्टमांशावर वाजवून मोजतात, कारण प्रत्यक्ष संगीतात सरासरी तेवढीच लागते. तबल्याची थाप पडली की साठवलेल्या विजेतून क्षणभर जास्त देता येतं. म्हणजे पनवेलच्या दुकानात मी जे पाटीवरून ठासून मांडलं, ते इतकं सरळ नव्हतं. त्या दुकानदाराने एवढं सांगितलं असतं तर मी गप्प बसून ऐकलं असतं. अर्थात या हिशेबानेही ६० चे २२०० होत नाहीतच.

रिसीव्हर नको, नुसता अ‍ॅम्प्लिफायरच हवा, हा माझा हट्ट होता. ज्यात जास्त सोयी कोंबल्या त्यात ध्वनीवर खर्च कमी, हे मत होतं आणि पाच-सात स्पीकरच्या होम थिएटर रिसीव्हरबद्दल ते आजही आहे. त्याच पैशात तिथे पाच अ‍ॅम्प्लिफायर, सिनेमाची सर्किटं आणि परवान्यांचा खर्च भागवलेला असतो. शेवटी घरी आला तो मात्र रिसीव्हरच, दोन स्पीकरचा, आत एफएम रेडिओ असलेला. वीस हजारांच्या आत. कानाला तो उजवा वाटला, एवढंच कारण. आता रोज सकाळी सर्वांत जास्त वाजतो तो रेडिओ. १००.७ चं गोल्ड आणि १०७.१ चं रेनबो आमच्याकडे स्वच्छ लागतात, फक्त तार खिडकीशी न्यावी लागली.

पनवेलच्या हवेबद्दल एक सांगते. पावसाळ्यात इथली दमट हवा बटणांत शिरते आणि आवाज वाढवताना खरखर ऐकू येते, म्हणून यंत्र बंद कपाटात कोंबू नका, वर चार बोटं जागा सोडा आणि जूननंतरही रोज थोडा वेळ लावा. धातूच्या पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी घराचं अर्थिंग तपासून घ्या.

आणि माझ्यासारखं कुणाचं अडकलं असेल तर कागद करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत परत घेऊन पैसे देणं नाकारलं, तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. आपला जिल्हा आयोग अलिबागला आहे, पण तक्रार ई-जागृतीवर घरबसल्या करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. अ‍ॅडव्हान्स देताना बिलावर मॉडेलचा नंबर लिहून घ्या. माझे चार हजार त्या नंबरामुळेच परत आले.