निरंक

छोट्या कंपनीचा वार्षिक अहवाल मी मागून उघडतो. चेअरमनचं पत्र, कारखान्याचे रंगीत फोटो ओलांडून थेट टिपांवर. बँकेचा माणूस समोर बसला असेल, तर पानं जरा जास्तच झोकात उलटतो.

‘कमिटमेंट्स’मधली पहिली ओळ कंपनी कायद्याच्या शेड्यूल थ्रीनेच ठरवलेली, भांडवली खात्यावरच्या अपूर्ण करारांची. सव्वादोन कोटींचं मशीन, ऐंशी लाख ॲडव्हान्स, टिपेत उरले एक कोटी पंचेचाळीस लाख. त्यात डोकं लागत नाही. छळते ती ‘इतर कमिटमेंट्स’. कच्च्या मालाच्या खरेदी ऑर्डरी, म्हणजे पीओ, तिथे याव्यात का? आयसीएआयची गाइडन्स नोट म्हणते, रद्द न होणाऱ्या आणि महत्त्वाच्या तेवढ्याच. म्हणजे रद्द केल्यास फायद्याच्या मानाने भलताच दंड बसेल अशा. ठरवायचं व्यवस्थापनाने. व्यवस्थापन ठरवतं: निरंक.

आमच्याकडे आर्टिकलशिप करणाऱ्या मुलीने एका कंपनीच्या पीओच्या पाठीवरच्या अटी वाचल्या. “सर, सात दिवसांच्या नोटिशीवर रद्द होते म्हणे. पण कास्टिंग देणारी फाउंड्री एकच आहे. रद्द करून हे जाणार कुठे?”

तिथेच मी अडकलोय. ओतकामाचे पॅटर्न त्या फाउंड्रीत पडलेले. पीओ ओपन, त्यावर नुसता दर; नग ठरतात महिन्याच्या शेड्यूलवर, आणि शेड्यूल हाती पडेपर्यंत तिकडे अर्धा माल ओतून झालेला. कागदावर सुटका आहे, धंद्यात नाही. उलट या कंपनीचं बडं गिऱ्हाईक आपलं शेड्यूल एका मेलवर खाली आणतं आणि खरंच सुटतं. गंमत म्हणजे गिऱ्हाइकाच्या अशाच ओपन पीओला शेअरवाली पोरं ‘ऑर्डर बुक’ म्हणून नाचवतात. लेखा मानक एएस २९ नुसार तोट्याच्या कराराची तरतूद करावी लागते, पण तिथेही खर्च टाळता येतो की नाही हाच सवाल.

म्हणून मी आता पुरवठादारांना दिलेले ॲडव्हान्स आणि कच्च्या मालाचा साठा विक्रीशेजारी मांडून बघतो. विक्री जागेवर आणि हे दोन फुगलेले, तर त्या निरंकात काहीतरी आहे. ऑडिटरांकडून आशा नाही. काहीजण गेल्या वर्षीची टीप इतक्या निष्ठेने उतरवतात, की तारीखही जुनीच राहते.

मुलीचा प्रश्न मी हल्ली प्रत्येक प्रवर्तकाला विचारतो. चष्मा काढून, थोडं थांबून, माझाच असल्यासारखा. ती शेजारीच बसलेली असते.